माझ्या पोटातला धवला

मी बोलतोय, दिवाळे गावातल्या भाविकाचा लॅपटॉप. रंगाने काळा, अंगाने जाड आणि स्वभावाने घाबरट. पहिल्या दोन गोष्टी दुकानात माझ्या शेजारी ठेवलेल्या पाटीवर लिहिल्या होत्या. तिसरी कुणी लिहिली नाही, म्हणून तर मला गिऱ्हाईक मिळालं.

घाबरटपणात माझा दोष नाही. ज्यांनी मला घडवलं त्यांनी माझ्या अंगात ठिकठिकाणी ताप मोजायची सोय करून ठेवली आहे. माणूस आजारी पडल्यावर ताप मोजतो. मी ठणठणीत असतानाही क्षणाक्षणाला मोजतो. आत्ता बेचाळीस, आता त्रेचाळीस, आता पुन्हा बेचाळीस. जन्मभर तोंडात थर्मामीटर धरून बसलेल्याला निवांतपणा कुठून येणार?

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. उजेड खूप होता आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मग खोका, मग जहाज, मग न्हावा-शेव्याचं बंदर आणि तिथून कळंबोलीचं एक गोदाम. शेजारच्या आवारात लोखंडी सळ्या उतरवल्याचा खणखणाट चालायचा आणि दर वेळी मला वाटायचं, आता हे सगळं आपल्या डोक्यावर येणार. खोक्यात बंद असताना ऐकू कसं आलं, असं विचारू नका. घाबरणाऱ्याला सगळं ऐकू येतं.

शेवटी मी सीवूड्सला आलो, स्टेशनला लागून असलेल्या मॉलमधल्या एका दुकानात. माझ्या जातीचे बाकीचे भाऊ खोक्यातच राहिले. मला तेवढं काढून, उघडून, गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी टेबलावर मांडलं.

तिथे मी माणसं पाहिली. लॅपटॉप निवडायला आलेला माणूस आधी तो उचलून बघतो. भाजीवाल्याकडे भोपळा उचलतात तसा. हलका निघाला की चेहरा खुलतो. मग स्वतःचं नाव टाइप करतो, ते पडद्यावर उमटलं की समाधानाने मान हलवतो, जणू दुसऱ्या कुठल्या लॅपटॉपवर ते उमटलंच नसतं. मग स्टिकर वाचतो. त्यातलं काही कळत नाही, पण वाचतो मोठ्या गंभीरपणे. आणि शेवटी विचारतो, यावर बॅग फ्री आहे का.

माझ्या डाव्या हाताला एक चंदेरी लॅपटॉप होता. सडपातळ, गप्प, देखणा. सगळे त्याच्याकडे वळायचे. मला उचललं की म्हणायचे, हा तर पाटा आहे. शिवाय जरा काम दिलं की माझे दोन्ही पंखे घोंघावतात, ते ऐकून लोक हात मागे घ्यायचे. दुकानात काम करणारी क्रांती तेवढी माझ्या बाजूने बोलायची. ती रोज सकाळी मला पुसायची आणि कुणी विचारलं तर खरं तेच सांगायची, की हिशेब आणि ईमेलसाठी चंदेरी घ्या, पण व्हिडिओचं काम असेल तर हा जाडा घ्या. लोक ऐकून घ्यायचे आणि चंदेरी घेऊन जायचे. दाखवायचा नमुना जुना झाला की त्याचे भाग सुटे करून विकतात, हे मी क्रांतीच्या साहेबांच्या तोंडून ऐकलं होतं. त्यामुळे दर संध्याकाळी दुकान बंद झालं की मी माझे राहिलेले दिवस मोजायचो.

डिसेंबरच्या सुरुवातीला एका दुपारी भाविका आली. तेवीस-चोवीस वर्षांची, पाठीवर सॅक, आणि सोबत तिचे पप्पा हरेश. हरेश मासेमारी करणारा माणूस. दुकानाच्या गार हवेत अवघडून उभा होता.

भाविका बेलापूरच्या एका स्टुडिओत लग्नाचे आणि हळदीचे व्हिडिओ एडिट करायची. स्टुडिओचा मालक रूपेश. त्याच्या मशीनवर त्याचं काम. आता तिला स्वतःचं एक काम करायचं होतं आणि ते रूपेशच्या मशीनवर होण्यासारखं नव्हतं, कारण ते मशीन लग्नसराईत कधी रिकामंच नसायचं.

ते काम काय होतं, हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवतीच आहे.

भाविकाची आत्या पुतळा ही धवलारीण. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवले, म्हणजे विधींची पारंपरिक गाणी, म्हणतात. देवाला, खाडीला, गावाला लग्नाचं आवतण द्यायचं, नवऱ्याला हळद लावायची, ते सगळं धवल्याच्या ओळींवर चालतं आणि त्या ओळी म्हणते ती धवलारीण. पुतळा आत्याची आणखी एक पद्धत होती. ज्या घरचं लग्न असेल त्या घरातल्या गेलेल्या माणसांनाही ती नावाने हाक मारून मांडवात बोलवायची. कुठल्या घरचं कोण, कुठल्या क्रमाने, कुणाला कुठल्या शब्दांत, हे फक्त तिच्या डोक्यात होतं. वहीत कुठेच नव्हतं.

आणि पुतळा आत्याच्या घशात गाठ निघाली होती. ऑपरेशन ठरलं होतं. आवाज राहील की नाही, डॉक्टर सांगायला तयार नव्हते. त्याआधी घरात एकच लग्न होतं, भाविकाच्या चुलत भावाचं, कुंदनचं. डॉक्टरांकडून तेवढ्यापुरती गायची सूट मिळाली होती. हा धवला पहिल्यापासून शेवटपर्यंत टिपायचा आणि नीट बांधून ठेवायचा, हे भाविकाने मनाशी धरलं होतं.

तेव्हा ती बॅग फ्री आहे का असं विचारायला आलेली नव्हती. मोबाइलमधली यादी काढून तिने क्रांतीला एकेक विचारलं. मेमरी किती, पुढे वाढवता येईल का. ग्राफिक्सचं कार्ड वेगळं आहे की नुसतं नावाला. मोठ्या फायली उघडताना डिस्क दम खाते का. क्रांतीने तिला सरळ आम्हा दोघांपुढे आणून उभं केलं. मग भाविकाने असं काही केलं जे आजवर कुणी केलं नव्हतं. सॅकमधून पेन ड्राइव्ह काढला आणि तिने स्वतः एडिट केलेल्या एका हळदीचा तुकडा आधी चंदेरीवर लावला, मग माझ्यावर.

चंदेरीवर हळद लिंबाच्या सालीसारखी दिसली, हिरवट. माझ्यावर ती हळदीसारखी दिसली. भाविका दोन्ही पडद्यांकडे आळीपाळीने बघत राहिली. हळदीच्या व्हिडिओत हळदच चुकली तर बाकी काय बरोबर येणार, असं ती क्रांतीला म्हणाली.

हरेशला रंगाचं काही पडलं नव्हतं. तो दोन्ही हातांचे तळवे आम्हा दोघांच्या पोटाखाली घालून उभा होता. दहा मिनिटं तसाच. व्हिडिओ चालू होता आणि मी घोंघावत होतो. मला वाटलं, संपलं, आता हा म्हणणार की केवढा आवाज करतो.

"हा गप बसून तापतंय," चंदेरीकडे बोट करत तो म्हणाला. "गप बसून तापनाऱ्या इंजनाचा भरोसा नाय. भर खाडीन बंद परतं. यो बोंबलतंय, पन थंड हाय. याच घे."

क्रांती आतून माझ्या एका भावाचा खोका आणायला निघाली. हरेशने तिला थांबवलं. खोक्यातला नको म्हणाला, हात लावून बघितला तोच द्या. क्रांतीने समजावून पाहिलं, काका, हा डिस्प्लेचा आहे, सहा महिने लोकांनी हाताळलाय, सगळे बंद खोकाच मागतात. हरेश म्हणाला, न बघितलेला मासा मी घेत नाही आणि विकतही नाही. असा मी त्यांच्या घरी गेलो. इतकं सुख मला झेपण्यासारखं नव्हतं, म्हणून मी वाटेत रिक्षातच काळजी करायला सुरुवात केली.

काळजी खोटी ठरली नाही. दिवाळ्यात होडीला नवं इंजिन बसवलं की त्याची पूजा होते, तशी माझीही करायची असं ठरलं. मला पाटावर उघडून ठेवलं. नारळ बाहेर पायरीवर फोडला म्हणून वाचलो. पुतळा आत्याने माझ्या कपाळाला, म्हणजे पडद्याच्या वरच्या पट्टीला, हळदकुंकू लावलं. मग डोळे मिटून काहीतरी पुटपुटत कुंकवात भिजवलेल्या अक्षता माझ्यावर टाकल्या.

माझ्या कीबोर्डच्या वर एक जाळी आहे. तिथून मी हवा आत ओढतो. अक्षता टिपताना भाविकाने जाळीवरच्या सगळ्या वेचल्या. जाळीच्या आत गेलेला एक दाणा तिला दिसला नाही. मला तो कळला. ओला, चिकट, उजव्या पंख्याच्या अगदी जवळ. आत्याने आशीर्वाद म्हणून टाकलेली वस्तू, तिच्याबद्दल तक्रार तरी कशी करणार, आणि कुणाकडे?

कुंदनचं लग्न रविवारी होतं, हळद शनिवारी. शनिवारी सकाळी अकरा वाजता मांडवात धवला सुरू झाला. भाविकाने रूपेशचे दोन कॅमेरे आणले होते. एक आत्याच्या समोर, एक नवऱ्यावर. आत्या दोन तास गायली. भाविका समोर बसून ऐकत होती आणि तिच्या कानावर शब्द न् शब्द आला.

मात्र त्याच वेळी रस्त्यावर डीजेवाले संध्याकाळची तयारी करत होते. मध्येच त्यांनी भिंतीएवढे स्पीकर लावून बघितले. पाऊण मिनिट, जास्त नाही. भाविकाच्या लक्षातही राहिलं नाही, कारण माणसाचा कान हवं ते निवडतो. माइक निवडत नाही.

लग्नानंतरच्या दुसऱ्या सोमवारी ऑपरेशन. मध्ये आठवडा होता. आत्या भाविकाला म्हणाली होती, "सगला एकदा ऐकून घे. कुटं काय ऱ्हायला असंल तं सांग. आवाज हाय तवर परत म्हनून देतंय." त्यासाठीही डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं, चार-दोन ओळी चालतील, जास्त नाही. म्हणजे भाविकाला करायचं एवढंच होतं. रविवारच्या आत सगळा धवला ऐकायचा.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तिने कॅमेऱ्यांची कार्डं माझ्यात उतरवली. रूपेशला दुसऱ्या लग्नासाठी ती त्याच दिवशी परत हवी होती. कार्डं गेली आणि रिकामी झाली. दुसरी प्रत ठेवायला बाहेरची डिस्क घ्यायची होती, ती सगळी गडबड आटोपल्यावर घेऊ असं ठरलं. तेव्हापासून पुतळा आत्याचा धवला जगात एकाच ठिकाणी होता. माझ्या पोटात.

उतरवतानाच मला ते दिसलं. आवाजाची रेघ असते, बोलणं वरखाली झालं की तीही वरखाली होते. आत्याची रेघ समुद्रावरच्या लाटेसारखी चालली होती आणि पंचेचाळिसाव्या मिनिटाला एकदम विटेसारखी जाड झाली. पाऊण मिनिट नुसती वीट. तिच्याखाली धवल्याच्या चार ओळी गाडल्या गेल्या होत्या.

मी काय करणार होतो? पडद्यावर आपण होऊन काही लिहायची मला मुभा नाही. भाविका पंचेचाळिसाव्या मिनिटाला जाईल याची वाट बघणं एवढंच माझ्या हातात होतं.

ती गेली नाही. मंगळवारी सकाळपासून नातेवाइकांचे फोन सुरू झाले. व्हिडिओ झाला का? पूर्ण नको, नाचाचं तेवढं दे, स्टेटसला ठेवायचं आहे. कुंदनच्या सासरची तेजश्री तर तासातासाला मेसेज करायची, माझा डान्स कुठे आहे म्हणून. लग्न होऊन दोन दिवस झाले की लोकांना नाच शिळा वाटायला लागतो. धवल्याला कोण विचारतंय, तो कुठे पळून जातोय, असं भाविकालाही वाटलं असावं. तिने मंगळवार आणि बुधवार तीस-तीस सेकंदांचे नाच कापण्यात घालवले. मी तिला रोज आतून हाका मारत होतो.

बुधवारी दुपारी तो दाणा सरकला. काम जोरात चाललं होतं, पंखा जोरात होता, आणि दाणा पात्यात जाऊन बसला. उजवा पंखा थांबला. अठ्ठ्याऐंशी, एक्याण्णव, पंच्याण्णव. मला जीव वाचवायला एकच गोष्ट शिकवली आहे, ती मी केली. डोळे मिटून घेतले.

भाविकाने पुन्हा सुरू केलं. वीस मिनिटांनी मी पुन्हा बंद. पुन्हा सुरू, दहा मिनिटांत बंद. तिचा चेहरा उतरत गेला. प्रत्येक वेळी बंद होताना मला एकच भीती वाटायची, की या खेपेला डिस्कवर लिहिता लिहिता मी कोसळलो तर धवल्याचं काय होईल.

गुरुवारी ती मला नेरूळच्या एका दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेली. त्याने मला न उघडताच सांगितलं, फॉरमॅट मारावं लागेल. म्हणजे पोटातलं सगळं पुसायचं. भाविकाने मला त्याच्या हातातून जवळजवळ ओढून घेतलं. शुक्रवारी सीवूड्सला क्रांतीकडे. क्रांतीने कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावून दिला. ते म्हणाले, चार-पाच दिवस लागतील, आणि आतल्या डेटाची जबाबदारी आमची नाही अशा कागदावर सही द्यावी लागेल.

क्रांतीने फोन बाजूला केला. "ताई, सही करू नकोस," ती हळूच म्हणाली. "एकच कॉपी आहे ना? मग रिस्क नको घेऊस. परत ने घरी."

शनिवारी भाविकाने मला गादीवर ठेवलं आणि समोर बसून राहिली. सुरू करायला तिचं धाडस होईना. मी पण सुरू व्हायला भीत होतो. पुतळा आत्या दारातून डोकावली आणि विचारून गेली, ऐकलंस का गो? भाविका म्हणाली, ऐकतेय आत्या, छान आलाय. तिने आत्याला सांगायला हवं होतं. पण ऑपरेशनला दोन दिवस राहिले असताना घशाला हात लावून बसलेल्या बाईला कसं सांगायचं, की तुझा आवाज ज्यात ठेवलाय तेच उघडत नाहीये.

हरेश चार दिवस खाडीबाहेर समुद्रात होता. तो रविवारी दुपारी आला. मला काय झालंय ते भाविकाने सांगितल्यावर त्याने मला सुरू करायला लावलं आणि माझ्या पाठीला कान लावला. एक पंखा फिरतो आणि एक नाय, म्हणाला. मग स्क्रूड्रायव्हर आणला. भाविका नको नको म्हणत असताना माझं बूड उघडलं गेलं. त्याच्या जाड बोटांना भाविकाची भुवया कोरायची चिमटी नीट धरता येत नव्हती. पण दाणा निघाला. लालभडक, कुंकवात भिजलेला, एका बाजूने चेपलेला.

दोघांनी तो तळहातावर घेऊन बघितला. कुठून आला हे कुणी कुणाला सांगितलं नाही. आत्याला तर मुळीच नाही.

दोन्ही पंखे सुरू झाले आणि माझा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. दुपारचे चार वाजले होते. पाच वाजता आत्याला दवाखान्यात दाखल करायचं होतं. भाविकाने डोक्याला हेडफोन लावला आणि धवला अगदी पहिल्यापासून लावला. मी पंचेचाळिसावं मिनिट डोळ्यासमोर धरून बसलो होतो. ती एकेक ओळ शांतपणे ऐकत होती, चेहऱ्यावर हसू होतं. बाहेर रिक्षा आली. आत्याने दाराशी येऊन खुणेने विचारलं, सगळं आलं का? भाविकाने अंगठा दाखवला. तेव्हा ती एकेचाळिसाव्या मिनिटाला होती.

रिक्षा गेली. चार मिनिटांनी वीट आली.

भाविकाने ते परत ऐकलं. मग दुसऱ्या कॅमेऱ्याचं ऐकलं. तिथेही वीटच. आवाज स्वच्छ करायची माझ्यातली जेवढी हत्यारं होती तेवढी सगळी तिने वापरली. डीजे खरवडून काढला की त्याबरोबर आत्याही निघून यायची. त्या चार ओळी कुठल्या होत्या हे तिला आठवलं तेव्हा तिने तोंडावर हात दाबला. गेलेल्यांना बोलावण्याच्या. त्यांत कुंदनच्या आईचं, संध्याकाकूचं नाव होतं. तीन वर्षांपूर्वी गेलेल्या आईला लेकाच्या हळदीला बोलावलेलं होतं.

तिने दवाखान्यात फोन केला. आत्याला आत नेलं होतं आणि बोलायला बंदी झाली होती. सकाळी ऑपरेशन झालं. गाठ निघाली, आत्या वाचली. आवाज निघून गेला.

पुढचा महिना भाविकाने माझ्यासमोर बसून काढला. तिने एक चांगलं काम केलं, बाहेरची डिस्क आणून सगळ्याची दुसरी प्रत केली. आणि एक मला न आवडलेलं काम केलं. त्या पाऊण मिनिटावर तिने खाडीवरून फिरणाऱ्या ड्रोनचं चित्र घातलं आणि खाली बासरी लावली. लग्नाचे व्हिडिओ बनवणारे सगळे असंच करतात. जिथे काही नसतं तिथे ड्रोन आणि बासरी.

धवल्याची फिल्म बघायला सगळे जमले. कुंदन, त्याची बायको, हरेश, आणि गळ्याला पट्टी बांधलेली पुतळा आत्या. मला टीव्हीला जोडलं होतं. पंचेचाळिसाव्या मिनिटाला ड्रोन उडाला, बासरी वाजली, कुणी तरी म्हणालं, वा, काय घेतलंय.  कुंदनने मान खाली घातली.

आत्याने हात वर केला. चार बोटं.

भाविकाने मला थांबवलं. आत्या तिच्याकडे बघत होती आणि चार बोटं तशीच होती.

"गेल्या त्या, आत्या," भाविका म्हणाली. "डीजेच्या आवाजात गेल्या. मला उशिरा कळलं. तू रिक्षात बसल्यावर."

कुंदन म्हणाला, "जाऊं दे ना. नको रडूस. नाचाचे मेसेज मीपन केले व्हते तुला."

आत्या उठली. मला वाटलं, चालली. ती भाविकाच्या शेजारी येऊन बसली आणि तिचं डोकं धरून कान आपल्या तोंडाशी ओढला. डॉक्टरांनी नुकतीच थोडं बोलायची परवानगी दिली होती आणि जो आवाज उरला होता तो नुसता वारा होता. तो वारा भाविकाच्या कानात काहीतरी म्हणाला. भाविकाने मान हलवली, नाही, मला येत नाही. आत्याने पुन्हा म्हटलं.

भाविकाला त्या ओळी आत्ताच, माझ्यातच टिपून घ्यायच्या आहेत हे माझ्या लक्षात आलं आणि मी पुन्हा काळजीला लागलो. रूपेशचे कॅमेरे नव्हते, बाहेरचा माइक नव्हता. होता तो पडद्याच्या काठावरचा माझा टाचणीच्या टोकाएवढा माइक. लॅपटॉप निवडताना एवढी चौकशी करणाऱ्या भाविकानेही त्याच्याबद्दल विचारलं नव्हतं. आणि फिल्म दाखवून मी तापलो होतो, माझे दोन्ही पंखे घोंघावत होते. त्या आवाजात आत्याचं काहीही ऐकू येणार नव्हतं. एका डीजेने ज्या ओळी गाडल्या त्या मी दुसऱ्यांदा गाडणार होतो.

भाविकाने एकेक काम बंद केलं. सगळी बंद केल्यावर आम्ही वाट बघत बसलो. सत्तर. पासष्ट. अठ्ठावन्न. बावन्नला माझे पंखे थांबले आणि तिने लाल बटण दाबलं.

आत्या ओळ कुजबुजायची, भाविका ती गायची. पहिली ओळ, दुसरी ओळ. भाविकाचा गळा तयार नव्हता, सूर हलत होता. तिसऱ्या ओळीला आत्या दोनदा थांबली, पट्टीवर हात ठेवला, आणि मग म्हणाली. भाविका गायली,

"ये गो संध्ये, मांडवान ये, तुज्या पोराला हलद लागतं."

कुंदन उठून बाहेर ओटीवर गेला. चौथी ओळ त्याने तिथूनच ऐकली.

दुसऱ्या दिवशी भाविका त्या तुकड्यावर काम करायला बसली. ड्रोन काढून टाकला, बासरी पुसली. तिथे पुन्हा आत्याचा मांडवातला चेहरा आला, डीजेखाली ओठ हलवणारा. त्या ओठांवर तिने स्वतःचा आवाज बसवला. आता राहिली कुजबुज. रूपेशने तिला शिकवलं होतं, जे नीट ऐकू येत नाही ते कापायचं. खोकला कापायचा, श्वास कापायचा, मागून कुणी सांगत असेल तर ते आधी कापायचं. तिने कुजबुज निवडली. बोट कापायच्या बटणावर ठेवलं. मी काही करू शकत नव्हतो, तुम्हाला माहीत आहे.

तिने बोट काढलं आणि कुजबुजीचा आवाज वाढवला. जितका वाढवता येईल तितका.

ही गोष्ट होऊन तीन महिने झाले. आता पुतळा आत्या आठवड्यातून दोनदा येते. गावातल्या एकेका घराची माणसं, कुठल्या घरचं कोण गेलं आणि त्यांना कसं बोलवायचं, ती सांगते आणि भाविका गाते. साठ-सत्तर घरं आहेत, त्यातली अकरा झाली. मला रात्रंदिवस वाटतं की पुरी होणार नाहीत. होतीलही. काही सांगता येत नाही.

तुम्ही लॅपटॉप घ्यायला जाल तेव्हा काय काय बघायचं ते भाविका तुम्हाला सांगेल. माझी विनंती एवढीच, की ज्या दिवशी त्याच्या पोटात काही ठेवाल त्याच दिवशी दुसरी प्रत करा, आणि ते ऐकून बघा. अंगठा दाखवायच्या आधी ऐका.

आत्या आली आहे. बाराव्या घराला सुरुवात होतेय. भाविका दार लावून घेतेय, पलीकडे हरेशने रेडिओ बंद केला. मी एक्कावन्नवर आहे आणि तिथेच राहायची शिकस्त करतोय, कारण आत्याचा आवाज माझ्या पंख्याहून लहान आहे. मला आता बोलता येणार नाही. तुम्हीही जरा वेळ गप्प राहा.